फ्यूज वाचवतो, पण कोणाला?

मित्रांनो, गणपतीच्या आधी दोन महिने पेणच्या एखाद्या मूर्तींच्या कारखान्यात डोकावून बघा. रंगाच्या स्प्रे गनला हवा देणारा कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि त्याला फिरवणारी असते मोटर. तिथून रोह्याला जा. धाटाव एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांत पंप, ब्लोअर, ढवळण्याची यंत्रं सगळी मोटरवरच. शेतावरच्या पंपाचं तर सांगायलाच नको. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला भिऱ्याचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९२७ साली सुरू झालं, म्हणजे वीज आपल्या भागाला नवी नाही. तरीसुद्धा सुरक्षिततेबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: "फ्यूज आहे ना, मग काय होतंय?"

हे उत्तर किती अपुरं आहे ते एका उदाहरणाने पाहू.

५ एचपीची थ्री फेज मोटर घ्या. पूर्ण लोडवर ती साधारण ७ अँपियर करंट घेते. पण थेट सुरू करताना पहिले काही क्षण तिला सहा-सातपट, म्हणजे ४० अँपियरच्या वर करंट लागतो. फ्यूज ७ अँपियरचा बसवला तर मोटर सुरू होतानाच तो उडेल. म्हणून फ्यूज मोठा, समजा २० अँपियरचा घालतात. आता पंपात कचरा अडकला आणि मोटर सतत ११ अँपियर घ्यायला लागली, तर? फ्यूजच्या दृष्टीने सगळं ठीक आहे! तो शांत बसतो आणि आत वाइंडिंग भाजून निघतं. कारण फ्यूजचं मुख्य काम शॉर्ट सर्किट झालं की वायर जळण्याआधी पुरवठा तोडणं, एवढंच. तो वायर वाचवतो.

मोटर वाचवायचं काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं. त्यात दोन धातू एकमेकांवर जोडलेल्या पट्ट्या असतात. करंट जास्त झाला की त्या तापून वाकतात आणि स्टार्टर ट्रिप होतो. वाकायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीचा झटका निघून जातो, पण सतत चाललेला ओव्हरलोड पकडला जातो. आहे की नाही साधी पण हुशार युक्ती?

दुसरा शत्रू म्हणजे सिंगल फेजिंग. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडमध्ये विजेचे किती खांब पडले ते आपण पाहिलंच. पण एवढं मोठं वादळ लागत नाही. पावसात एक फांदी पडून एक तार तुटली किंवा डीपीवरचा एकच फ्यूज गेला, तरी पुरतं. बंद मोटर अशा वेळी नुसती घूं घूं करते, सुरू होत नाही. पण चालू असलेली मोटर उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते आणि त्या दोन्हींत करंट सुमारे पावणेदोन पट होतो. म्हणजे ७ चे १२ अँपियर. २० चा फ्यूज याही वेळी गप्प! रिले ७ वर सेट असेल तर तो मोटर वाचवेल. पण "सारखा ट्रिप होतो" म्हणून कोणी त्याचा डायल १२ वर फिरवून ठेवला असेल, तर मोटर रिवाइंडिंगलाच जाणार. अशा ठिकाणी सिंगल फेज प्रिव्हेंटर जरूर बसवावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: माणूस. कारखान्यात ओली माती, जमिनीवर पाणी, पाय अनवाणी. कॉम्प्रेसरच्या बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंग नीट नसलं, तर हात लावणाऱ्याच्या अंगातून ६० मिलीअँपियर गेले तरी जीव जाऊ शकतो. ६ अँपियरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलीअँपियर. त्याला हे ६० कळणारसुद्धा नाहीत. इथे लागतो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो. ३० मिलीअँपियरचा फरक पडला, म्हणजे कुठून तरी करंट जमिनीत जातोय, की सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत पुरवठा तोडतो. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्यालाही काही कळत नाही. शिवाय ओव्हरलोड हे त्याचं खातं नाही. म्हणून एमसीबी, आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग, तिन्ही हवेत.

उडालेल्या फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालणारे महाभाग आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यांनी फ्यूज दुरुस्त केलेला नसतो, काढून टाकलेला असतो. फ्यूज का उडाला, हे आधी शोधायला हवं.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की तीन गोष्टी करा. फ्यूजमधली तार योग्य जाडीची आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. मोटरच्या नेमप्लेटवरचे अँपियर आणि रिलेचा डायल जुळतात का बघा. आणि आरसीसीबीवरचं 'टेस्ट' बटण दाबून बघा. खटका पडला नाही तर तो त्याच दिवशी बदलायला सांगा. आणि पेटीत आरसीसीबीच नसेल, तर पुढच्या पावसाआधी तो बसलाच पाहिजे!