नागपूरचा उन्हाळा आणि नवा विद्यार्थी

१९२३ साली विद्यापीठ स्थापन झालेल्या नागपुरात कोकणातून वा पुण्याहून येणारा विद्यार्थी बहुधा पावसाळ्यात दाखल होतो, त्यामुळे खोली निवडताना त्याला येथील उन्हाळ्याची कल्पना येत नाही आणि कमी भाड्याच्या मोहाने तो वरच्या मजल्यावरील पश्चिमाभिमुख खोली घेतो. ही चूक मे महिन्यात फार महाग पडते. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, गादी आणि भिंतीही हाताला गरम लागतात. येथील खरा आधार म्हणजे कूलर, ज्याच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांमधून कोरडी हवा आत ओढली जाते, पाण्याचे बाष्पीभवन होताना तिच्यातील उष्णता शोषली जाते आणि ती थंड होते. बंद खोलीत मात्र दमटपणा साचतो, म्हणून कूलर खिडकीत बसवून समोरची खिडकी किंचित उघडी ठेवावी लागते. पावसाळी हवेत तो निरुपयोगीच ठरतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे पहिले नऊ दिवस, म्हणजे नवतपा, साधारण २५ मेपासून सुरू होतात. त्या काळात दुपारी बाहेर पडावेच लागले, तर डोके-कान दुपट्ट्याने झाकावेत आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.