मुनीम पळाला तरी देणे पेढीचेच

पेढीवरील मुनीमाने रोकड लांबविली, म्हणून मालकाला ठेवीदारापुढे हात वर करता येत नाहीत. मुनीमाचा शोध, फिर्याद, वसुली ही पेढीची कामे. ठेवीदाराचे देणे मात्र ठरल्या दिवशी चुकते करावेच लागते. व्यापारी घराण्यांना हा व्यवहार नव्याने सांगावयास नको. परंतु मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेला सरकारी पैसा अधिकाऱ्यांनीच गिळला, तर हाच न्याय सरकारलाही लागू होतो काय?

हा प्रश्न नायजेरियात उभा राहिला. तेथे प्राथमिक शिक्षणाचा निधी एका केंद्रीय आयोगामार्फत राज्यांकडे जातो. त्यात अपहार झाल्याचे भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेच्या चौकशीत पुढे आले. तेव्हा ‘सेराप’ या नागरी संस्थेने पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या ‘इकोवास’ संघटनेच्या अबुजा येथील न्यायालयात आपल्याच सरकारविरुद्ध दाद मागितली. सरकारने उत्तर दिले की, शिक्षण हे राज्यघटनेतील केवळ मार्गदर्शक धोरण आहे, त्यावर दावा चालत नाही. (आपल्या घटनेतही शिक्षण आरंभी मार्गदर्शक तत्त्वांतच होते, मूलभूत हक्कांत त्याला स्वतंत्र कलम मिळाले ते २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने.) न्यायालयाने २००९ मध्ये हा आक्षेप फेटाळला. आफ्रिकी मानवी हक्क सनदेचे सतरावे कलम प्रत्येकाला शिक्षणाचा हक्क देते, आणि ज्या राष्ट्राने सनद स्वीकारली त्याला स्वतःच्या घटनेआड लपता येत नाही.

३० नोव्हेंबर २०१० चा अंतिम निकाल मोठा समतोल आहे. अपहार हा फौजदारी गुन्हा असून तो देशातील न्यायालयांनी हाताळावा. पैसे चोरीस गेले एवढ्यानेच हक्क हिरावला गेला असे ठरत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र गुन्हेगारांवर खटले चालत असताना आणि वसुली होत असताना निधीतील तूट सरकारने भरून काढावी, अन्यथा जनतेचा एक भाग शिक्षणास मुकेल, असेही बजावले. आमच्या मते निकालाचे सारे मोल या ‘असताना’ शब्दात आहे.

या न्यायालयाजवळ स्वतःचे पोलीस नाहीत. अंमलबजावणी शेवटी सरकारच्याच हाती. परदेशी दडविलेला पैसा परत आणण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार २००५ पासून अमलात आहे आणि भारतानेही २०११ मध्ये त्यास मान्यता दिली. पण ती वाट लांबची. नायजेरियाचे लष्करी शासक सानी अबाचा १९९८ मध्ये वारले. त्यांच्या लुटीपैकी सुमारे ३२ कोटी डॉलर परत करण्याचा करार स्वित्झर्लंडने २०१७ च्या अखेरीस केला आणि जागतिक बँकेच्या देखरेखीखाली ती रक्कम गरीब कुटुंबांना दरमहा ५,००० नायरा याप्रमाणे वाटण्याचे ठरले. अबाचा वारले तेव्हा पहिलीत बसलेले मूल एव्हाना पंचविशीत पोहोचले होते.