कुंचल्याचे अक्षर

माणसाप्रमाणे अक्षरालाही स्वभाव असतो. पोथीतले अक्षर सोवळ्यातले, सातबाऱ्यावरचे सरकारी, आणि रसवंतीच्या पाटीवरचे मोकळे, हसतमुख, अंमळ तिरके चालणारे! हे तिसरे अक्षर कुंचल्याचे. सुरुवातीला भरदार, रंग संपता संपता निमुळते. घाईत ओढल्यासारखे दिसते खरे, पण तशी घाई साधायला हात वर्षानुवर्षे फिरावा लागतो.

अमेरिकेत रॉबर्ट स्मिथ याने १९४२ साली 'ब्रश स्क्रिप्ट' नावाचा टाइप घडवला. शिशाचे खिळे सुटे. पण एकाची शेपटी दुसऱ्याला अशी बेमालूम भिडे की, शब्द एका दमात लिहिल्याचा भास व्हावा. आपल्याला या जोडणीचे अप्रूप कशाला? मोडी लिहिणारा कारकून आधी आडवी रेघ ओढी आणि बोरू फारसा न उचलता तिला अक्षरे लटकावीत जाई.

मात्र हीच शिरोरेघ कुंचल्याची परीक्षा पाहते. २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले आणि पाट्यांवर नवी अक्षरे आली. आता 'ध'च्या डोक्यावर रेघ तुटायला हवी. पेंटरने एका फटक्यात ती सरळ ओढली की झाले 'घाराशिव'! तुळजापूरच्या वाटेवर 'भ'ची तीच गत. भवानीची 'मवानी' व्हायला एक टिचभर रेघ पुरते. म्हणून मोकळे अक्षर म्हणजे बेफिकीर अक्षर नव्हे. वळण कितीही घ्यावे, ओळख सोडू नये.

जुन्या नावात आणखी एक गंमत होती. 'उस्मानाबाद'मध्ये मा, ना, बा असे तीन काने ओळीने येतात. हाताने लिहिताना एक जरा लांबे, दुसरा कले, तिसरा खाली शेपूट सोडी. साध्या संगणकी फाँटमध्ये तिन्ही काने कवायतीला उभ्या शिपायांसारखे एकसारखे. कुंचल्याचे सोंग तिथेच उघडे पडते. फाँट करणाऱ्याने एकाच अक्षराची दोन-तीन रूपे दिली, तर हा दोष पुष्कळ झाकता येतो.

मग असे अक्षर वापरावे कुठे? चहाचे हॉटेल, नाटकाची जाहिरात, जत्रेचा फलक, दिवाळी अंकातले शीर्षक. जिथे चार शब्दांत बोलवायचे असते तिथे. औषधाच्या बाटलीवर, कोर्टाच्या नोटिशीत किंवा पानभर मजकुरात नको. तिथे नखरा वाचकाच्या डोळ्यांवर येतो. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची शीर्षके रेखाटली, ती नाटकाचा स्वभाव पाहून. गंभीर नाटकाला त्यांनी विनोदी अक्षर चढवले नाही.

आज फ्लेक्सचा फलक काही तासांत छापून मिळतो आणि स्वस्तही पडतो. दुकानदाराने तो का घेऊ नये? त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण उन्हात फ्लेक्स विटतो, फाटतो; आणि पेंटरच्या हाताचे काम गेले की त्याचे वळणही जाते. ते वळण शिकायला पोरगा बसत नाही. कॅथरीन ली श्मिट यांनी लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा' नावाचा देवनागरी फाँट केला. भिंतीवर अक्षर होते, म्हणून तो झाला. गावोगावच्या पेंटरांची वळणे अशीच टिपून ठेवायची, तर रंगाची डबी उघडी आहे तोवरच ठेवली पाहिजेत. नाहीतर पुढच्या फाँटवाल्याने नक्कल तरी कोणाची करायची?