जुन्या वळणाचे नवे पिस्तूल : मोल कसे जोखायचे?

नाशिकच्या इतिहासात पिस्तूल एकदा ठळकपणे येते. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग बनावटीच्या पिस्तुलातून. त्या काळी हे पिस्तूल नवलाची वस्तू होते. अमेरिकन तंत्रज्ञ जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बेल्जियमच्या एफएन कारखान्यात अशी पिस्तुले तयार होऊ लागून जेमतेम दहा वर्षे झाली होती. आज त्याच घराण्यातली पिस्तुले ‘जुन्या वळणाची’ म्हणून नव्याने बाजारात येत आहेत. ब्राउनिंग यांनी आरंभलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३५ मध्ये बाजारात आलेले ‘हाय पॉवर’ पिस्तूल एफएनने २०१८ च्या सुमारास बंद केले. पुढे २०२१ मध्ये एका अमेरिकन कंपनीने त्याचा अवतार ‘एसए-३५’ या नावाने काढला. २०२२ मध्ये खुद्द एफएननेही त्याच नावाचे नवे पिस्तूल आणले. पहिल्याची जाहीर किंमत सुमारे ७०० डॉलर होती, दुसऱ्याची सुमारे १,२७० डॉलर. लोखंडी, वजनदार, मागे घोडा असलेले हे पिस्तूल प्लॅस्टिकच्या देहाच्या हलक्या पिस्तुलांच्या जमान्यात घेण्याजोगे आहे का? हा प्रश्न हौशी गिऱ्हाइकाचा वाटेल, पण तो सोडवायला नववीचे भौतिकशास्त्र पुरते.

आधी यंत्र समजून घेऊ. गोळी पुढे जाते तेव्हा तितकाच संवेग पिस्तुलाला मागे मिळतो. रिव्हॉल्व्हरमध्ये हा मागचा धक्का नुसता हाताला बसतो. ब्राउनिंग यांनी त्याला कामाला लावले. नळीवरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, धक्क्याने मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना नवे काडतूस आत ढकलतो. चाप मात्र प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो, म्हणून हे ‘अर्धस्वयंचलित’. लहान काडतुसाला स्लाइडचे जडत्व आणि स्प्रिंग पुरते. ९ मिलिमीटरचे काडतूस अधिक जोरकस असते. नळीतला वायूचा दाब उतरण्याआधी मागचे दार उघडले तर अनर्थ होईल. म्हणून नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून मागे जातात, मग नळीची मागची बाजू किंचित खाली झुकते आणि दोघांची फारकत होते. ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आजच्या बहुतेक ‘आधुनिक’ पिस्तुलांतही तीच आहे. तेव्हा जुने वळण म्हणजे जुने तत्त्व, असे समजू नये. फरक आहे तो देहाच्या द्रव्यात, चापाच्या रचनेत आणि वजनात.

आता वजनाकडे वळू. ९ मिमीची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. संवेग ०.००८ × ३५०, म्हणजे २.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. दारूच्या वायूंचा वाटा आम्ही सोयीसाठी सोडून दिला आहे. नवे एफएन सुमारे १.१ किलोचे आहे. ते मोकळे असते तर सेकंदाला २.५ मीटर वेगाने मागे आले असते. प्लॅस्टिक देहाचे पिस्तूल सुमारे ०.७ किलोचे धरले तर हाच वेग ४ मीटर होतो. हाताला जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा पहिल्यात सुमारे ३.६ ज्यूल, दुसऱ्यात ५.६ ज्यूल. एक किलोचे वजन ३६ सेंटिमीटरवरून तळहातावर पडावे किंवा ५७ सेंटिमीटरवरून पडावे, इतका हा फरक आहे.

हेच गणित नाशिक रोडच्या मुलांना आणखी जवळून सांगता येते. तोफखाना केंद्र गावातच आहे आणि देवळालीच्या बाजूने तोफांचे आवाज ऐकतच ती मोठी होतात. १५५ मिमी बोफोर्स तोफेचा गोळा सुमारे ४३ किलोचा, वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर, तोफ सुमारे १२ टनांची. सारी तोफ मोकळी असती तर ती सेकंदाला जवळजवळ २.९ मीटर वेगाने मागे गेली असती. म्हणजे पिस्तुलाच्याच पंक्तीला! तोफेत हा धक्का तेलाच्या दट्ट्यात जिरवतात, पिस्तुलात मनगटात.

मग जड तेच चांगले? थांबा. नाशिक रोडच्या चलनी नोटांच्या छापखान्यासारख्या ठिकाणी पहारा देणाऱ्या अधिकाऱ्याचा विचार करा. पिस्तूल कमरेला तासन्‌तास असते आणि बहुधा एकही गोळी सुटत नाही. त्याच्या दृष्टीने ज्यादा चारशे ग्रॅम हा दिवसभराचा जाच आहे, धक्का सोसण्याचा लाभ मात्र क्षणाचा. आपल्या सैन्याचे इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे ९ मिमी पिस्तूल हाय पॉवरचेच भावंड, तेही सुमारे एक किलोचे. त्यावर शिकलेल्या हाताला नव्या एफएनची पकड ओळखीची वाटेल. सुटे भाग मात्र जुळणार नाहीत, कारण एफएनने आतली रचना बदलली आहे. एसए-३५ मूळ आराखड्याला जास्त धरून आहे.

दोन्ही कंपन्यांनी एक जुनी खोड काढून टाकली, हे आमच्या मते या पिस्तुलांचे खरे मोल. मूळ हाय पॉवरमध्ये काडतुसांचे मॅगझिन काढले की चाप बंद होई. हेतू सुरक्षेचा, पण त्यासाठीचा खटका मॅगझिनवर घासे आणि चाप खरखरीत लागे. जुन्या पिस्तुलाच्या घोड्याने अंगठ्यामागची कातडी चिमटली जाई, तेही आता टळते. एवढ्यासाठी दुसऱ्या पिस्तुलाचे जवळपास पावणेसहाशे डॉलर जास्त मोजावे, असे मात्र आम्हांला वाटत नाही. भारतात हा हिशेब कागदावरच राहतो म्हणा. ९ मिमी पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते, साध्या परवान्यावर ते मिळत नाही.

पिस्तुलाचे वजन नियमाने बांधलेले पाहायचे तर खेळाकडे जावे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकारात छोट्या ०.२२ काडतुसाचे पिस्तूल वापरतात. ते १,४०० ग्रॅमहून जड चालत नाही, आणि चाप १,००० ग्रॅमहून कमी ओढीला सुटता कामा नये. तपासणी साधी असते : नळी उभी धरून चापाला एक किलोचे वजन लटकवतात आणि ते उचलले जाईपर्यंत चाप सुटत नाही ना, हे पाहतात.

वर्गात पिस्तुलाची गरज नाही. दोन खेळण्यातल्या गाड्यांमध्ये दाबलेली स्प्रिंग ठेवून दोरा कापा. एका गाडीवर दुप्पट, मग तिप्पट वजन ठेवून प्रत्येक गाडी किती लांब गेली ते फरशीवर खडूने नोंदवा. चाकांचे घर्षण आकडे थोडे बिघडवील. ते किती बिघडवते, हे मुलांनाच काढू द्या.