विश्लेषण : घरी बांधलेला व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायर ‘हमिंग’ का करतो? दोष शोधायचा कसा?

ट्रान्झिस्टर आणि मायक्रोचिपच्या काळातही गिटारवादकांमधील व्हॉल्व्हच्या म्हणजेच ट्यूबच्या ॲम्प्लिफायरचे आकर्षण संपलेले नाही. तयार ॲम्प महाग पडतो. म्हणून मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्लीतून सुटे भाग जमवून, ट्रान्सफॉर्मर स्थानिक कारागिराकडून गुंडाळून घेऊन तो घरीच बांधणारे हौशी अनेक आहेत. मात्र स्विच दाबताच स्वरांऐवजी आधी ऐकू येते ती ‘घूंऽऽ’ अशी सततची घरघर. ती घालवण्यासाठी एकामागून एक भाग बदलत गेल्यास पैसे वाया जातात आणि चुकीच्या जागी हात गेला, तर जिवावर बेतू शकते. या आवाजामागील शास्त्र आणि दोष शोधण्याचा क्रम समजून घेऊ.

हमिंग म्हणजे नेमके काय?

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असून तिची दिशा सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन घेते. हीच ५० हर्ट्झची कंपने, किंवा त्यांच्या दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झची कंपने, ॲम्प्लिफायरमधील संदेशात मिसळली की स्पीकरमधून घरघर ऐकू येते. गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युतसंदेश अत्यंत क्षीण असतो. ॲम्प तो कित्येक पटींनी वाढवतो. त्यामुळे पहिल्या व्हॉल्व्हपाशी शिरलेला विजेचा अगदी सूक्ष्म अंशही स्पीकरपर्यंत पोहोचताना मोठा होतो.

‘फस्स’ असा वाऱ्यासारखा आवाज किंवा चरचर म्हणजे हमिंग नव्हे. त्यांची कारणे वेगळी असतात. हमिंगला निश्चित स्वर असतो आणि तो स्वर हाच शोधाचा पहिला धागा.

आवाज ५० हर्ट्झचा की १०० हर्ट्झचा, हे कसे ओळखावे?

यासाठी गिटारच उपयोगी पडते. नेहमीच्या सुरावटीत सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा स्वर ९८ हर्ट्झचा असतो. घरघर या स्वराच्या किंचित वर लागत असेल, तर ती १०० हर्ट्झची समजावी. ५० हर्ट्झचा स्वर त्याच्याही एक सप्तक खाली असतो. गिटारवर तो वाजतच नाही. बेस गिटारच्या जाड तारेचा तिसरा फ्रेट त्याच्या जवळ जातो. मोबाइलमधील ध्वनिलहरींचा आलेख दाखवणाऱ्या ॲपनेही ढोबळ अंदाज येतो. फक्त ५० हर्ट्झच्या दोषातही १०० हर्ट्झचा अंश मिसळलेला असतो, त्यामुळे आलेखात ५० जवळ उंचवटा आहे की नाही, हे पाहावे.

हा फरक महत्त्वाचा आहे. ॲम्पच्या पॉवर सप्लायमध्ये पूर्ण-लहर रेक्टिफायर असतो. तो एसीची दोन्ही अर्धी आवर्तने वापरतो, त्यामुळे त्यातून उरणारी लहर १०० हर्ट्झची असते. म्हणजे १०० हर्ट्झचा आवाज आला, तर संशय फिल्टर कपॅसिटरवर किंवा चुकीच्या ग्राउंड जोडणीवर. ५० हर्ट्झचा आला, तर हीटरच्या तारा, ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा बाहेरून शिरणारी वीज यांच्यावर. याला एक अपवाद आहे. रेक्टिफायरची एक बाजू बंद पडली, तर पॉवर सप्लायची लहरही ५० हर्ट्झची होते.

हात घालण्यापूर्वी कोणती काळजी आवश्यक?

व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट डीसी दाब सर्रास असतो. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटर हा दाब बराच वेळ धरून ठेवू शकतात. म्हणून प्लग काढून, दहा किलोओहम व पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद जोडून तो रिकामा करावा आणि मल्टिमीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री प्रत्येक वेळी करावी. स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी पाडण्याची पद्धत घातक आहे. चालू ॲम्पमध्ये मोजमाप घेताना एकच हात वापरावा. नवा बांधलेला ॲम्प पहिल्यांदा थेट सॉकेटला न लावता रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात तशा बल्बच्या सिरीज बोर्डवर चालू करावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. स्पीकर न जोडता ॲम्प चालवू नये, कारण त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

जुन्या एसी-डीसी रेडिओचा गिटार ॲम्प करण्याचा मोह टाळावा. अशा रेडिओत पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी थेट घरच्या विजेला जोडलेली असू शकते. गिटारच्या तारा केबलच्या जाळीमार्फत चासीलाच जोडलेल्या असतात, हे लक्षात घेतले की धोका कळतो.

शोधाची सुरुवात कोठून करावी?

उदाहरणादाखल ‘फेंडर चॅम्प’चा ५एफ१ हा आराखडा घेऊ. घरी बांधणाऱ्यांमध्ये तो लोकप्रिय आहे, कारण त्यात तीनच व्हॉल्व्ह आहेत : संदेश वाढवणारा १२एएक्स७, स्पीकर चालवणारा ६व्ही६ आणि रेक्टिफायरचा ५वाय३. यात शोध तीन पायऱ्यांत होतो.

पहिली पायरी, गिटारची केबल जॅकमधून काढा. स्विच असलेला इनपुट जॅक रिकामा होताच इनपुट ग्राउंडला जोडतो. घरघर थांबली, तर दोष ॲम्पमध्ये नसून गिटार, केबल किंवा खोलीतील विजेच्या उपकरणांत आहे. सिंगल कॉइल पिकअपची गिटार हातात धरून जागेवर फिरलात आणि आवाज कमी-जास्त झाला, तर पिकअपच ट्रान्सफॉर्मर, डिमर किंवा एलईडी दिव्याचे क्षेत्र टिपत आहे. याच त्रासावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास दोन उलट गुंडाळ्यांचा पिकअप तयार केला. त्याचे ‘हंबकर’ हे नावच हमिंगला रोखणारा अशा अर्थाचे आहे.

दुसरी पायरी, व्हॉल्यूमचे बटण फिरवा. बटणाबरोबर घरघर वाढत-घटत असेल, तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे १२एएक्स७च्या पहिल्या भागात किंवा इनपुटच्या तारेत आहे. आवाज तेवढाच राहिला, तर दोष पुढे आहे.

तिसरी पायरी, ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. घरघर गेली, तर ती त्या व्हॉल्व्हच्या टप्प्यातून येत होती. कायम राहिली, तर ६व्ही६ किंवा पॉवर सप्लाय तपासावा. मोठ्या ॲम्पमध्येही हेच तत्त्व चालते. इनपुटपासून सुरुवात करून एकेक व्हॉल्व्ह काढत जावे. ज्याच्या जाण्याने आवाज थांबतो, दोष त्या टप्प्यात किंवा त्याच्या आधी असतो.

फिल्टर कपॅसिटरचा दोष कसा ओळखावा?

रेक्टिफायरमधून येणारा डीसी सपाट नसतो. कपॅसिटर हा पाण्याच्या टाकीसारखा मधली खळगी भरून काढतो. टाकी लहान असली किंवा गळकी झाली, की लहर उरते. ५एफ१च्या मूळ आराखड्यात १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत. पण तो आराखडा अमेरिकेचा, म्हणजे ६० हर्ट्झच्या विजेचा. आपल्याकडे कपॅसिटरला दोन ठोक्यांच्या मध्ये जास्त वेळ तग धरावा लागतो. प्रवाह ५० मिलिॲम्पिअर धरला, तर ढोबळ गणिताने १६ मायक्रोफॅरडवर ६० हर्ट्झला सुमारे २६ व्होल्टची लहर उरते, तर ५० हर्ट्झला सुमारे ३१ व्होल्टची. परदेशी आराखडा तंतोतंत उतरवूनही इथे घरघर थोडी जास्त का, याचे एक उत्तर इथे मिळते.

पुढच्या टप्प्यांतील ८ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर वाढवणे सोपे असते. पहिला कपॅसिटर मात्र मनाला येईल तेवढा मोठा लावता येत नाही. व्हॉल्व्ह रेक्टिफायरला किती मायक्रोफॅरड झेपतात, याची मर्यादा त्याच्या डेटाशीटमध्ये दिलेली असते. ती ओलांडल्यास रेक्टिफायर लवकर खराब होतो. कपॅसिटर ४५० ते ५०० व्होल्ट क्षमतेचा आणि नवा असावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक आतून सुकतो व नावापुरता उरतो. संशय असल्यास ॲम्प बंद करून, दाब शून्य करून, चांगला कपॅसिटर ध्रुव तपासून समांतर जोडावा आणि पुन्हा ऐकावे. आवाज ठळकपणे घटला, तर दोषी सापडला.

हीटरच्या तारांमुळे घरघर का येते?

व्हॉल्व्हचा कॅथोड तापवण्यासाठी ६.३ व्होल्टचा एसी वापरतात. या तारांतून बराच प्रवाह वाहतो आणि त्या सरळ ग्रिडच्या तारेशेजारून गेल्या, की ५० हर्ट्झ संदेशात उतरतो. म्हणून दोन्ही तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्याव्यात आणि ग्रिडची तार ओलांडायचीच असेल, तर काटकोनात ओलांडावी.

नवशिक्यांकडून वारंवार राहून जाणारी गोष्ट म्हणजे हीटरच्या गुंडाळीला ग्राउंडचा आधार देणे. ट्रान्सफॉर्मरला मधला टॅप असेल, तर तो ग्राउंडला जोडावा. नसेल, तर दोन्ही तारांपासून ग्राउंडकडे १०० ओहमचा अर्ध्या वॅटचा एकेक रेझिस्टर लावावा. दोन्ही उपाय एकत्र करू नयेत. एवढ्याने भागले नाही, तर हा मध्यबिंदू थेट ग्राउंडऐवजी रेझिस्टरच्या विभाजकातून मिळवलेल्या ३० ते ६० व्होल्ट डीसीवर ठेवतात. त्याने हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती रोखली जाते. एखाद्या व्हॉल्व्हमध्ये ही गळती मुळातच जास्त असते. अशा वेळी त्याच क्रमांकाचा दुसरा व्हॉल्व्ह लावून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी.

ग्राउंड आणि ट्रान्सफॉर्मरची मांडणी चुकली तर?

पहिला फिल्टर कपॅसिटर सतत नव्हे, तर सेकंदाला १०० वेळा झटक्यांनी भरला जातो. हे मोठे झटके चासीमधून हवे तसे वाहू दिले, तर प्रीॲम्पचे ग्राउंडही त्यांच्याबरोबर हलते आणि घरघरीत खरखर मिसळते. म्हणून हाय व्होल्टेज गुंडाळीचा मधला टॅप पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला थेट जोडावा. पुढच्या प्रत्येक टप्प्याचे ग्राउंड त्याच्याच कपॅसिटरपाशी एकत्र करून तिथून क्रमाने न्यावे आणि ही ग्राउंडची साखळी चासीला एकाच जागी, शक्यतो इनपुट जॅकजवळ जोडावी. इनपुट जॅक चासीपासून इन्सुलेटेड ठेवला तर नको असलेला दुसरा मार्ग तयार होत नाही.

पॉवर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर शेजारी एकाच दिशेला बसवले, तर पहिल्याचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यात शिरते. असा आवाज व्हॉल्व्ह काढूनही जात नाही. चासीला भोके पाडण्याआधीच आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडील टोकांना हेडफोन जोडावा. पॉवर ट्रान्सफॉर्मरची बाकी सर्व टोके नीट झाकून त्याला वीज द्यावी. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर फिरवत जिथे घरघर सर्वांत कमी येते, तिथे तो बसवावा. बहुतेक वेळा ही जागा दोन्ही गाभे काटकोनात असताना सापडते.

अर्थिंगची पिन काढल्यास आवाज थांबतो, मग तसे का करू नये?

ॲम्प आणि संगणक, किंवा दोन ॲम्प, वेगवेगळ्या सॉकेटवर लावून केबलने जोडले की अर्थिंगचे वर्तुळ तयार होते आणि घरघर येते. अर्थिंगची पिन काढली, की ती थांबते. हा ‘उपाय’ म्हणूनच फसवा आहे. अर्थ तुटल्यावर आत एखादी तार चासीला लागली, तर चासी, केबल, गिटारच्या तारा आणि वादक हे सारे एकाच वेळी विजेच्या दाबाखाली येतात. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा १९७२मध्ये ब्रिटनमधील स्वान्झी येथे कार्यक्रमाच्या वेळी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला होता.

योग्य मार्ग म्हणजे सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवणे आणि गरज असल्यास संदेशाच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरणे. तीन पिनांच्या वायरचा हिरवा अर्थ चासीला स्वतंत्र बोल्टने घट्ट जोडलेला असावा. जुन्या घरांत सॉकेटला तीन छिद्रे असूनही मागे अर्थिंगच नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. तारांना हात लावताच घरघर कमी होत असेल, तर गिटारचे शिल्डिंग अपुरे आहे. पण हात लावताच झिणझिण्या आल्या, तर वाजवणे तत्काळ थांबवावे.

घरघर पूर्णपणे जाऊ शकते का?

एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिंगल-एंडेड ॲम्पमध्ये थोडी घरघर उरतेच. दोन व्हॉल्व्हच्या पुश-पुल ॲम्पमध्ये पॉवर सप्लायची लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना विरुद्ध दिशेने येऊन बरीचशी रद्द होते. मात्र त्यासाठी दोन्ही व्हॉल्व्हमधून सारखा प्रवाह वाहायला हवा. एक व्हॉल्व्ह थकला की जुना, शांत ॲम्पही घुमू लागतो.

व्हॉल्यूम शून्यावर असताना कान स्पीकरजवळ नेल्यावरच घरघर ऐकू येत असेल आणि दोन पावले मागे सरकल्यावर ती विरत असेल, तर ॲम्प ठीक आहे असे समजावे. त्याहून जास्त असेल, तर वरील क्रमाने एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतरचा परिणाम वहीत टिपून ठेवावा. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, तर आवाज थांबला तरी तो कशामुळे थांबला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.