छातीतील यंत्र आणि मनातील धास्ती

हृदयाला यंत्र जोडले म्हणजे दुखणे संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शरीरापुरती ती बरीचशी खरीही आहे. परंतु रोग्याच्या मनाची विचारपूस करावयाची मात्र आपण बहुधा विसरतो.

प्रथम दोन यंत्रांतील भेद ध्यानात घेऊ. पेसमेकर हा मंदावलेल्या हृदयाला बारीक विद्युत्-स्पंदने देऊन चालते ठेवतो. रोग्याला ती सहसा जाणवत नाहीत. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे शल्यविशारद आके सेनिंग यांनी, अभियंते रुने एल्मक्विस्ट यांनी तयार केलेला पहिला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविला. तो काही तासांतच बंद पडला! तरी पुढे वीसाहून अधिक यंत्रे बदलीत लार्सन २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

दुसरे यंत्र डिफिब्रिलेटर. मिशेल मिरोवस्की यांच्या खटपटीतून ते १९८० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे प्रथम माणसाच्या शरीरात बसविले गेले. हृदयाची गती घातक रीतीने बेफाम झाली की हे यंत्र विजेचा जोरदार झटका देऊन तिला ताळ्यावर आणते. शुद्धीवर असलेल्या रोग्याला तो छातीत लाथ बसल्यासारखा वाटतो.

मनाचे दुखणे सुरू होते ते येथे. पुढचा झटका केव्हा येईल, हे ठाऊक नसते. जिना चढताना तो आला असेल तर रोगी जिना टाळतो. मग बाजार, मग प्रवास, मग पतिपत्नींची जवळीकही. भीतीने छाती धडधडते आणि त्या धडधडीने भीती वाढते. काहींना तर झटका न येताच तो आल्याचा भास होतो. डिफिब्रिलेटर बसविलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला चिंता वा खिन्नता ग्रासते, असे पाहण्यांतून दिसून आले आहे. घरची माणसे “तुम्ही काही करू नका” म्हणतात आणि मायेपोटीच त्याला पंगू करून ठेवतात.

यावर उपाय आहेत. झटका आल्यास काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. एकच झटका आला व नंतर बरे वाटले, तर डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ झटके आले किंवा बरे वाटेना, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. झटक्याच्या वेळी रोग्याला स्पर्श झाला तरी दुसऱ्यास अपाय होत नाही, हे घरच्यांनी जाणावे. यंत्राची मांडणी बदलून अनावश्यक झटके कमी करता येतात. तेव्हा ते निमूट सोसू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे-फिरणे पुन्हा सुरू केले की धीर परततो. एवढ्यानेही भीती हटली नाही, तर मानसोपचार घेण्यात कमीपणा कसला? विचारांना व सवयींना वळण देणाऱ्या उपचारांचा अशा रोग्यांना गुण येतो.

आपल्या ओळखीत असा कोणी असेल, तर “यंत्र ठीक आहे ना?” एवढे विचारून थांबू नये. “झोप लागते का? एकटे बाहेर पडता का?” हेही विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत बसावे.