जत तालुका : भाषा, सीमा आणि पाणी

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकास असलेला जत तालुका क्षेत्रफळाने जिल्ह्यात सर्वांत मोठा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या २८,२२,१४३ लोकसंख्येपैकी ३,२८,३२४, म्हणजे शेकडा सुमारे १२, लोक या तालुक्यात होते. उमदी, संख या बाजूच्या गावांत कन्नड ही अनेकांची घरची भाषा आहे. त्यावरून हा प्रदेश कोणत्या राज्याचा, असा वाद वेळोवेळी उपस्थित होतो. त्याचा उलगडा केवळ भाषिक कोष्टकांवरून होण्यासारखा नाही.

जत हे डफळे घराण्याचे संस्थान. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. परंतु औंध, फलटण, भोर यांप्रमाणे ही सातारकरांची जहागीरही टिकून राहिली. १९४८ मध्ये ती मुंबई प्रांतात विलीन झाली व १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात समाविष्ट झाली. १९६० मध्ये या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. तत्पूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, शेजारचा विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. तोवर दोन जिल्ह्यांमधील असलेली सीमा त्या दिवशी राज्यसीमा झाली. माणसे व त्यांची भाषा होती तेथेच राहिली.

जनगणनेत प्रत्येक व्यक्तीची एकच मातृभाषा नोंदली जाते. तिला अवगत असलेल्या अन्य दोन भाषांचीही नोंद होते. परंतु कोणती भाषा कोठे वापरली जाते, हे त्यावरून कळत नाही. घरी कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही, असा व्यवहार करणारा शेतकरी कोष्टकाच्या एकाच रकान्यात बसतो. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा या द्वैभाषिक जीवनाची साक्ष देतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधील ग्रामपंचायतींच्या जुन्या ठरावांचा आधार घेऊन या भागावर दावा सांगितला. त्या ठरावांमागील मुख्य कारण भाषा नव्हते, पाणीटंचाई होते. तालुका पर्जन्यछायेत येतो. म्हैसाळ योजनेद्वारे मिरज तालुक्यातून टप्प्याटप्प्याने उपसलेले कृष्णेचे पाणी पूर्वेकडील गावांपर्यंत पोहोचण्यास फार विलंब झाला.

सीमाभागातील राज्यनिष्ठा मातृभाषेच्या आकड्यांवरून ठरविणे म्हणूनच सदोष होय. जतच्या ठरावांतील मागणी पाण्याची होती. तिचा अर्थ मात्र भाषेच्या परिभाषेत लावला गेला.